पाणी माडाला पोहोचतं, वाटेत कुणालाच मिळत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर एक छायाचित्र होतं. गॅलरीच्या कठड्यावर मातीचं भांडं, भांड्यात पाणी, काठावर बुलबुल. खाली ओळ, की उन्हाळा कडक आहे, पाखरांसाठी पाणी ठेवा. दरवर्षी उन्हाळ्यात हे छायाचित्र येतं. भांडं बदलतं, बुलबुल तोच असावा असा मला संशय आहे. तक्रार बुलबुलाबद्दल नाही. तो हुशार, त्याचं कुठेही भागतं. ज्यांना गॅलरी चढता येत नाही त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी दापोली तालुक्यात समुद्रकाठच्या एका गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला लागू पडेल आणि मला उगाच कुणाशी वाद नको. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. १९७६ साली सून म्हणून या घरात आले, तेव्हापासून हे आगर बघते आहे. माड, पोफळी, मधल्या जागेत केळी, जायफळाची चार झाडं, कोकमाचं एक, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जुना रायवळ आंबा. पश्चिमेला पुळण आणि समुद्र, पूर्वेला चढ चढून गेलं की सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. प्राणिशास्त्र मी शिकलेली नाही. एक खोड मात्र आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्यातच उरलेल्या जागेत आगरात काय दिसलं ते लिहायचं. १९९८ पासूनची कॅलेंडरं सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली आहेत. आमचे हे त्याला ‘तुझं दप्तर’ म्हणतात.

यंदा रामनवमीनंतर ते दप्तर खाली काढलं. कारण साधं होतं. पहाटे मागच्या पडवीत बसले होते आणि लक्षात आलं, की आवाज फक्त पंपाच्या मोटारीचा येतो आहे.

विहिरीपासून सांगते. आमची विहीर घडीव चिऱ्याची. पाणी किती उतरलं हे मी थरांत मोजते. एक थर म्हणजे साधारण वीतभर. १९९८ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ‘थर ९’ असं लिहिलेलं आहे. यंदा अकरावा थर एप्रिलातच उघडा पडला. मधल्या वर्षांत वरखाली होत राहिलं, सरळ उतार नाही, पण गेली सात-आठ वर्षं मे महिन्यात पाणी मचूळ लागतं, ते आधी कधी लागत नव्हतं. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. वरचं जास्त उपसलं की खालचं खारं वर सरकतं. आमच्या दोन्ही बाजूंच्या आगरांत आता पर्यटकांच्या खोल्या आहेत. त्यांनाही अंघोळी लागतातच. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, आमचाही पंप काही कमी चालत नाही. पण ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात सड्याजवळच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर लागतो, हे बाहेरच्या माणसाला पटवून देताना दरवेळी लाज वाटते. जांभा पाणी धरत नाही. चार महिन्यांत पडलेलं वहाळातून समुद्राला जातं, नि आपण जानेवारीपासून आभाळाकडे बघतो.

एवढं सगळं आपल्या पत्रातून येऊन गेलेलं आहे. न आलेलं सांगते.

मी आले तेव्हा विहिरीवर रहाट होता. रेडा फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पन्हळीत ओतायची. पन्हळीतून पाणी दोणीत, म्हणजे विहिरीजवळच्या कुंडीत, दोणीतून पाटाने आगरभर, आणि पाटातून एकेका माडाच्या आळ्यात. दिवसाआड शिंपणं असे. या सगळ्या प्रवासात पाणी किती सांडायचं! गाडगी वर येईतो पाव रिकामी. पन्हळीला चीर. सासूबाई रोज गड्याच्या नावाने ओरडायच्या, ती चीर बुजव म्हणून; ती कधी बुजली नाही. दोणीच्या खालचा चिरा बारा महिने हिरवागार शेवाळलेला. पाटाची कड दिवसभर ओली. न्हाणीचं पाणी मागे अळवाच्या वाफ्यात जाई आणि तिथे भर मे महिन्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा.

आता मला कळतं, की त्या गळतीवर एक सगळा गोतावळा जगत होता.

दोणीच्या काठावर सकाळी नऊच्या सुमाराला सातेरी मधमाशा यायच्या. पाण्यावर नाही उतरायच्या, काठच्या शेवाळावर ओळीने बसून ओल शोषायच्या. पोटाचं टोक वरखाली, वरखाली. पाणी भरून झालं की एकच गिरकी घेऊन गडग्याच्या भोकाकडे. गडग्यात त्यांचं पोळं होतं आणि उन्हाळ्यात पोळं गार ठेवायला त्यांना पाणी न्यावं लागतं. मी मुलांना तिथे उभं करून दाखवायचे. त्याच दोणीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर वीतभर, पहिल्या पावसाच्या आसपास पांढरा फेस चिकटलेला दिसायचा, साबणाचा असावा तसा. नवी सून म्हणून मी तो पहिल्या वर्षी घासून काढला होता. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ती झाडबेडकीची अंडी. मादी पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो, आणि पोरं बाहेर पडली की खाली थेट पाण्यात टपकतात. खाली पाणी असेल तर.

तो झाडबेडूक म्हणजे न्हाणीतल्या तपेल्यामागे बसणारा, फिकट तपकिरी, बोटांना गोल टिकल्या असलेला. नवे पाहुणे किंचाळायचे. अळवात वेगळे, दणकट. पहिल्या पावसाच्या रात्री त्यांतले नर हळदीसारखे पिवळे होत, गळ्याशी दोन निळे फुगे, आणि इतके ओरडत की ओटीवर बोलणं ऐकू येत नसे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली तेव्हा मी वर्गात फळ्यावर बेडूक काढून बातमी वाचून दाखवली होती. त्या वेळी शत्रू कोण ते सांगणं सोपं होतं, पोतं घेऊन येणारा माणूस. आत्ताचा शत्रू शोधायला मी दप्तर काढून बसले आणि पानोपानी आमचीच कामं निघाली.

कशी, ते सांगते. ठिबक बसवलं २०१६ च्या दिवाळीनंतर. अर्जावर सही माझी आहे. अनुदान मिळालं, पाणी निम्म्याहून कमी लागायला लागलं, गड्याचा वेळ वाचला. मला ठिबक वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाही. ते नसतं तर आज विहीर पंधराव्या थराला असती. पण त्या दिवसापासून पाणी पंपातून नळीत आणि नळीतून थेट मुळाशी. पाट बुजवला. दोण रिकामी झाली, पुढे तिच्यात नारळाची सोडणं साठू लागली. दोन वर्षांनी न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. डास कमी झाले, अळू गेलं. २०२० पासून पातेरा, म्हणजे पडलेला पालापाचोळा, जाळायला लागलो, कारण त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं.

त्या दुपारबद्दल बरंच छापून आलंय, मी दोनच वाक्यं लिहिते. आमचे एकोणीस माड आणि निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. सावलीत वाढलेल्या जायफळांवर आयुष्यात पहिल्यांदा सरळ ऊन पडलं. लोकांनी आम्हाला नुकसान विचारलं ते नारळात आणि सुपारीत. जमीन तापली ते कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही लक्षात आलं नाही. पूर्वी भर वैशाखात आगरात चपलेशिवाय फिरता यायचं. आता अकरानंतर वाळू पोळते. नवी रोपं लावली आहेत, ती डोक्याच्या वर गेलीत, पण त्यांची सावली एकमेकांना लागायला अजून वेळ आहे.

काजव्यांची नोंद बघा. १९९८ ते २०१५ बहुतेक दरवर्षी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात कुठेतरी ‘काजवे’ लिहिलेलं आहे. एका वर्षी ‘कोकमावर काजवे, दिवा मालवून बघितले, ह्यांनाही उठवलं’. २०१७ नंतर तुरळक. २०२१ पासून एकदाही नाही. काजव्याची अळी ओल्या पातेऱ्यात राहते आणि गोगलगायी खाते. ओल नाही, पातेरा नाही, गोगलगाय नाही. वर शेजारच्या खोल्यांचे हॅलोजन रात्रभर चालू. काजव्याने लुकलुकून कुणाला बोलवायचं?

आणि धामण. पाचोळा पडतो म्हणून विहिरीवर मी नायलॉनची बारीक जाळी बांधून घेतली होती. २०१९ च्या चैत्रातल्या एका सकाळी पाणी बघायला गेले तर जाळीत हातभर लांबीचा पिळा हलत होता. धामण. पाण्याच्या वासाने आली असावी, डोकं एका भोकातून आत, पुढे दुसऱ्यातून वर, आणि खवले उलटे अडकल्याने मागे सरकता येईना. गड्याने काठीने मान धरली, मी शिवणाची कात्री घेऊन एकेक धागा कापत बसले. अर्धा तास गेला असेल. धागा कातडीत इतका रुतला होता की एका ठिकाणी कात्री तिलाही लागली. सुटल्यावर ती पळाली नाही. विहिरीच्या काठावर थोडा वेळ नुसती पडून राहिली, बाजू वरखाली होत होती, मग सावकाश गडग्यात गेली. जाळी मी ठेवलीच, कारण पाचोळा. पुढच्या वर्षी दुसरी अडकली ती मला तीन दिवसांनी दिसली, तोपर्यंत तिचा काथ्या झाला होता. मग जाळी काढली. आता मोठ्या चौकोनांची लोखंडी आहे. विहिरीत बिबट्या पडला की वनखात्याची माणसं येतात, पिंजरा सोडतात, आपल्याकडे छायाचित्र छापून येतं. धामणीचं येत नाही, म्हणून लिहिलं.

त्यानंतर आमच्या आगरात धामण दिसल्याची नोंद नाही. उंदरांच्या नोंदी मात्र वाढल्यात. देठाजवळ भोक पाडलेली कोवळी शहाळी खाली पडलेली सापडतात. यंदा पाडणीच्या वेळी आमचा पाडेली वरूनच ओरडला, “काकी, हितं शेंड्यात उंदरांनी घर केलंय!” खाली उतरल्यावर म्हणाला, “बेडूक नाय तं धामण कशाला येल?” मी चौतीस वर्षं अन्नसाखळी शिकवली, फळ्यावर बाण काढून. त्याने ती एका वाक्यात संपवली.

गावात हे बोललं की एक उत्तर ठरलेलं असतं. “जनावरं कमी झाली म्हणता? आमच्याकडे या, वानरं मोजून देतो.” खरं आहे. वानर, डुक्कर, मोर यांच्या नावाने आपल्या याच सदरात दर आठवड्याला एक पत्र असतं आणि त्या शेतकऱ्यांचा राग खोटा नाही. मीही वानरांवर फटाके उडवलेत. पण वानराला चार मैल चालता येतं. सड्यावरचं पाणी आटलं की ते आगरात उतरतं, आगरातलं संपलं की कौलांवर चढतं. ते दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं भरपूर आहे. ज्याला पन्नास पावलांपलीकडे जाता येत नाही तो जागच्या जागी संपतो आणि तक्रारीचा आवाजही होत नाही. आमच्या आंब्यावर पानं शिवून राहणारी तांबडी मुंगी, ओंबील, होती. पाडेली तिला शिव्या घालायचा, चावते म्हणून. यंदा त्या आंब्यावर ओंबिलीचं एक घरटं नाही, आणि तो आंबा कुणी फवारलेला नाही. शेजारचे कलमी मात्र फवारले जातात.

दुष्काळ हेच कारण आहे का, असं माझ्या मुलाने फोनवर विचारलं. तो विरारला असतो. मी दोन वर्षं ताडून बघितली. २०२३ ला पाऊस ११ जूनला रत्नागिरीत पोहोचला आणि तिथेच अडून बसला. मुंबईत २५ तारखेला गेला. ते दोन आठवडे आम्ही रडकुंडीला आलो. त्या वर्षी बेडकांची ओरड जवळजवळ नव्हती, ते समजण्यासारखं आहे. पण २०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला, २६ तारखेला तर मुंबईत होता. विहीर आठव्या थरावरच थांबली. म्हटलं, यंदा आगर गाजणार. ओरड आली, पण वहाळापलीकडच्या खाचरांतून. आमच्या आगरातून दोन की तीन आवाज. म्हणजे पाऊस कमी पडो की लवकर पडो, आठ महिने कुठेतरी ओलीत तग धरलेला बेडूक शिल्लक असेल तरच तो ओरडणार. ती ओल आम्ही नळीत घातली.

मुलाला हे पटलं. ह्यांना अर्धंच पटलं. त्यांचं म्हणणं, उघडं पाणी ठेवलंस की डास होतील, आणि ते चूक नाही. म्हणून आमचा तह असा झाला: दोण साफ केली, ठिबकच्या मुख्य नळीला एक तोटी बसवून रोज दोन बादल्या पाणी तिच्यात सोडते, आणि दर चौथ्या दिवशी बूच काढून सगळं पाणी अळवाच्या जुन्या वाफ्यात. डासाला तेवढ्यात पूर्ण वाढायला वेळ मिळत नाही. दोणीच्या आत एक खडबडीत चिरा तिरका टाकला आहे, म्हणजे पडलेल्याला वर येता यावं. गडग्याच्या कडेने दोन हात रुंदीचा पट्टा झाडायचा नाही, पातेरा जाळायचा नाही, असं गड्याला बजावलंय. त्याला ते आळशीपणाचं काम वाटतं. पाहुणे आले की तो आधी सांगून टाकतो, की हे काकींनी ठेवायला लावलंय.

आता आपल्याकडे आणि वाचकांकडे मागणं.

दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई आराखडा होतो. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत. गुरांचाही विचार कुठे ना कुठे होतो. त्या आराखड्यात प्रत्येक सार्वजनिक विहिरीच्या आणि टँकर रिकामा होतो त्या टाकीच्या खाली एक बुटकी, तिरक्या काठाची दोण, एवढी एक ओळ घालायला किती खर्च येईल? टाकी भरताना जे सांडतं ते त्यात जाईल, नवं पाणी मागावं लागणार नाही. ठिबकच्या अनुदानाबरोबर मिळणाऱ्या कागदात, आगरातली एक दोण चालू ठेवा, असं कुणी छापलं असतं तर मीही ठेवली असती. सरकारी कागदाचं मी ऐकते.

दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. माडाच्या, आंब्याच्या, काजूच्या जातींवर तिथे झालेल्या कामाचा आम्हाला उपयोगच झाला आहे. तिथल्या कुणा विद्यार्थ्याला ठिबकवरचं आगर आणि पाटावरचं आगर शेजारी शेजारी ठेवून बेडूक, मधमाशा, गोगलगायी मोजायच्या असतील तर माझं आगर आणि माझी कॅलेंडरं त्याला खुली आहेत. परसात बसून काय कळणार असं म्हणू नये. सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो १९३० मध्ये, याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला राहून. पाटावरचं आगर मात्र लवकर शोधावं लागेल. आमच्या गावात एकच उरलंय, आणि त्याचे मालक पुढच्या महिन्यात ठिबकचा अर्ज भरणार आहेत. त्यांनी तो जरूर भरावा. दोण तेवढी मोडू नये, असं मी त्यांना सांगून आले आहे.

दोणीत पाणी सोडायला लागून आज बावीस दिवस झाले. पहिल्या आठवड्यात फक्त कावळा आला आणि त्याने त्यात कुणाच्या तरी घरची शिळी पोळी भिजवली. अकराव्या दिवशी एक मधमाशी, चौदाव्या दिवशी सात. काठावर शेवाळ धरायला अजून सुरुवात नाही, म्हणून मी तिथे ओलं सोडण ठेवलंय, त्यावर त्या बसतात. परवा रात्री दोणीतून काहीतरी टुपकन वाजलं. बॅटरी घेऊन गेले. सुपारी पडली होती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी